शेवटची वीत

सांगलीवाडी, सकाळचे सात.
"कालपासून चावीच लावली नाही," बिरनाळे म्हणाले.
दस्तगीर मिस्त्रीनं बॉनेटवर तळवा ठेवला,
आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
कोमट.

मीटर म्हणे साठ हजार;
क्लचच्या पेडलचं रबर मात्र
उंबऱ्याच्या दगडासारखं झिजलेलं.
"बरी आहे की," मी म्हणालो.
मला पिकअप आवडली होती.

मिस्त्रीनं सीटबेल्ट ओढला,
ओढत राहिला,
कुणी कधी ओढत नाही तितका.
शेवटच्या वितीवर गाळाची रेघ.

बिरनाळे नदीकडं बघत म्हणाले,
"स्टिअरिंगपर्यंत होतं. तीन दिवस.
गच्चीवरनं नुसता टप दिसायचा."

चहा आला. भाव कुणीच काढला नाही.
मिस्त्रीनं पट्टा सोडला;
तो सावकाश आत गेला,
गाळासकट.