शिळ्या वाटा

ओलोमोउत्समध्ये, चौथ्या मजल्यावर,
ब्लाझेना रात्री अकराला संगणक उघडते
आणि जगातल्या कुठल्याही राउटरला फुकट मिळणारा
तो जुना प्रोग्राम दुरुस्त करत बसते.
पगार नाही. मांजर आहे, तेही पलीकडच्यांचं.

प्रोग्रामचं काम म्हटलं तर साधं:
शेजाऱ्याला विचारायचं, तुझ्याकडून कुठं कुठं जाता येतं?
तो सांगेल ते खरं मानायचं
आणि पुढच्या शेजाऱ्याच्या कानावर घालायचं.
अख्खा नकाशा कुणाकडेच नाही.
सगळं असं ऐकीव माहितीवर चाललंय,
आणि तरी पत्रं पोचतात.

सांगण्यासारखं काही नसलं
तरी दर तीस सेकंदांनी एक निरोप धाडायचा.
त्यात मजकूर नसतो. नुसतं: आहे.
आहे.
आहे.
नव्वद सेकंदांत ओ आली नाही
तर शेजारी गेला असं धरायचं,
त्यानं सांगितलेल्या वाटा पुसायच्या
आणि पुसल्याचं बाकीच्यांना कळवायचं.
सुतकाची तरतूद नाही.

भिंतीपलीकडे ओल्द्रिख नेबेस्की राहतात.
तिथे गृहस्थाच्या नावाआधी 'पान' लावतात;
पान नेबेस्की, वय एकोणऐंशी, देठाला चिवट.
चाळीस वर्षं ट्रामचे सांधे बदलले त्यांनी,
लोखंडी कांबीनं, बर्फ खरवडून, हातानं.
ती कांब अजून दाराआड उभी असते, छत्रीशेजारी.
निजण्याआधी ते हीटरच्या नळीवर चमचा वाजवतात,
दोनदा.
ती इकडून एकदा.
हे कधी ठरलं, दोघांनाही आठवत नाही.
जिन्यात भेटले तर हवापाण्याचं बोलतात.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी चमचा वाजला नाही.
पडद्यावर तिनंच कधीतरी लिहिलेली ओळ होती:
मुदत संपली, शेजारी मृत.
तिनं घड्याळ बघितलं. नव्वद होऊन गेले.
नळी गरम होती, आणि गप्प.
मांजर उंबऱ्यात, कान टवकारून.
दोनशे दहा. जादा किल्ली कुठल्या खणात?
दोनशे चाळीसला नळी वाजली,
एकदाच,
आणि चमच्यानं नाही.

न्हाणीघरात पडले होते.
सरपटत दारापर्यंत येऊन त्यांनी कांब ओढली होती.
"सांधा अडकला," म्हणाले,
"या खेपेला माझा."

इस्पितळात पाच आठवडे.
त्यांची पत्रपेटी ती रिकामी करत राहिली.
दारावरची पाटी पुसली, ती धुळीपुरती.
मालकीणबाईंनी दोनदा विचारलं, जागा सुटतेय का?
दोनदा ती म्हणाली, नाही.

त्याच पाच आठवड्यांत तिनं ते लिहून काढलं
जे कामांच्या यादीत वर्षानुवर्षं तळाशी पडलेलं:
शेजारी गप्प झाला म्हणून
त्याच्या वाटा लगेच पुसू नयेत.
त्यांवर 'शिळी' अशी खूण करावी, बस.
शिळ्या वाटेनंही जाता येतं,
शिळ्या पावावर जशी रात्र निघते.
तो परतला, आणि पुन्हा तेच सांगू लागला
तर खूण तेवढी काढावी, चौकशी करू नये.
मुदत: दोनशे चाळीस सेकंद.

मोन्तेविदेओहून एव्हारिस्तोनं तपासून विचारलं,
बाकी नेटकं आहे, पण हा आकडा आला कुठून?
दोनशे चाळीसच का?
तिनं लिहिलं: मोजून पाहिलं आहे.
खोडलं.
लिहिलं: न्हाणीघर ते दार.
तेही खोडलं.
शेवटी पाठवलं:
शेजाऱ्याला लागतो तेवढा वेळ.

दोन दिवस काहीच नाही.
मग त्याची मान्यता आली,
आणि खाली एक ओळ, कामाशी संबंध नसलेली:
माझ्या आईला तीनशे लागतात.
इथे असू दे तुझा आकडा,
मी घरी बदलून घेईन.