केटरिंग, एकशे नव्वद पाउंड

टायरच्या दुकानामागे कॅलम खोकं उघडतो.
इंजिनाचा मेंदू: तळहाताएवढा, ॲल्युमिनियमचा,
कोपऱ्यावर माझ्या पान्याचा ओरखडा.
"दीडशे. वायरिंग कापलंय."
कापलेलं नाही. सोडवलंय, एकेक पिन,
दोन रविवार, गुडघ्यांखाली जुनी उशी घेऊन.

"नवऱ्याचं आहे का?"
मी भाव दहानं वाढवते.

सांगोल्याच्या बैलबाजारात रुमालाखाली
बोटं दाबून ठरायचा सौदा, चेहरे कोरे.
इथे रुमाल नाही. तोंडाची वाफ आहे,
आणि त्याचा मित्र, गाडी चालू ठेवून,
पेट्रोल जाळत स्वस्तात घ्यायला आलेला.

"मॅप आहे ना आत?"
आहे. सहा हजार फेऱ्यांवर जरा जास्त पेट्रोल,
कारण तिथे ती खोकायची.
थंडीत पहिलं मिनिट हळू.
गाडी मार्चमध्येच भंगारात गेली,
ह्याला कुणी सांगितलेलं नाही.

"पुसून टाक," मी म्हणते. "तुझी वेगळी असेल."

एकशे नव्वद ठरतात.
तो नोटा मोजतो, दहाची एक कमी.
मी पाहिलं. मी पाहिलेलं त्यानं पाहिलं.
असू दे.
ते दहा नवऱ्याचेच होते.