पान सतरा

केंद्रावरून आलेल्या मॅडम म्हणाल्या,
पोर्टफोलिओ म्हणजे शिक्षकाचा आरसा.
मी तुर्भे स्टोअरच्या नाक्यावरून
एक निळी फाईल आणली, एकशे दहाची,
आणि आरशासमोर बसतात तशीच बसले,
आधी पदर सारखा करून.

पहिल्या पानावर पदव्या.
मग प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं, प्लास्टिकच्या पिशव्यांत,
लोणच्याच्या फोडींसारखी मुरत पडलेली.
सातव्या पानावर भाषा दिन :
अठ्ठावीस पोरं, भाड्याचे फेटे,
आणि मधोमध मी.
निबंधाचे नमुने म्हणून
तेजश्रीच्याच वहीतली पानं, चारही,
कारण तिची वेलांटी डौलदार
आणि तिचे वडील मार्केटात हिशेब लिहितात.

फाईल जाड झाली.
वर्ग तिच्यात कुठेच नव्हता.

दुपारच्या पाळीला याच खोलीत
फरझाना मुकादम उर्दू शिकवते.
सकाळी मी येते तेव्हा फळ्यावर
तिची अर्धवट पुसलेली अक्षरं असतात,
उजवीकडून निघून
माझ्या कालच्या तारखेला टेकलेली.
सव्वाबाराला, ती डबा उघडते आणि मी बंद करते
त्या दहा मिनिटांत
आम्ही फायली बदलल्या.

तिची फाईल उलटीकडून उघडली.
मला वाचता येईना, तिनेच वाचून दाखवलं :
"आज मी पस्तीस मिनिटं बोलले.
मुलं मिळून दोन.
त्यातलं एक मिनिट खिडकी लावण्याबद्दल."
मी विचारलं, हे साहेबांना दाखवणार?
दाखवेन की, म्हणाली,
त्यांना कुठे उर्दू येतं.

मग माझी फाईल तिने शेवटापर्यंत चाळली.
छान आहे, म्हणाली. स्वच्छ.
फक्त, यात कुणाचं काहीच चुकलेलं नाही,
तुमचंसुद्धा.

शनिवारी शाळा सुटल्यावर
पंखा बंद करून मी पान सतरा लिहिलं.

जतिन मढवी. चौथी ब. राहणार तुर्भे गाव.
जूनचा दुसरा आठवडा. हात वर करून म्हणाला,
"बाय, मना पानी पायजे."
मी म्हटलं, मना नाही, मला.
पानी नाही, पाणी. नाकातला ण नाही, टाळूवरचा.
पायजे नाही, पाहिजे.
तीन शब्द, तीन दुरुस्त्या.
पाणी द्यायचं राहिलं.

जुलैत तो बोलला नाही.
ऑगस्टात बोलला नाही.
प्रगतिपुस्तकात माझ्याच अक्षरात आहे :
शांत. शिस्तप्रिय.

फरझानाला वाचून दाखवलं तेव्हा
ती घास हातात धरून म्हणाली,
आमच्यात तर ते पानीच आहे हो.

पान अठरा हा एक फोटो, जरा हललेला.
त्या दिवशी धडा मिटून विचारलं,
तहान लागली की घरी काय मागता?
शिवलीला म्हणाली, नीरु.
अंकम्मा म्हणाली, नीळ्ळु, आणि हसली,
दोघी तासभर भांडल्या कुणाचं जुनं.
फळा भरला. खाली डाव्या कोपऱ्यात
न विचारता उठून कुणीतरी लिहिलंय "पानी",
इतकं बारीक
की फोटोत खडूचा डाग वाटतो.

मॅडमनी परवा फाईल तपासली.
जाडी पाहिली, अनुक्रमणिका पाहिली, सही केली.
सतराव्या पानावर त्यांचं बोट थांबलं होतं थोडं,
किंवा पान चिकटलं असेल.
दमट हवा आहे.

काल चौथ्या तासाला जतिनने हात वर केला.
"बाय, मना..."
एवढंच म्हणून माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.
मी घाईघाईने
माझी बाटली पुढे केली, झाकण काढून.

त्याला खडू हवा होता.

पान एकोणीस.