गराडू, प्रयोग सातवा

चौतीस वर्षं ह्यांनी दुसऱ्यांच्या प्रयोगांची मांडामांड केली.
ब्युरेटी धुतल्या, क्षार तोलले,
पोरांच्या जर्नलात निळी शाई, सरांची लाल सही,
ह्यांचं नाव फक्त हजेरीपटात:
मु. दा. टोकेकर, परिचर.

नोव्हेंबरात निवृत्त झाले
आणि डिसेंबरात माझ्या स्वयंपाकघरात आले.
सोबत दोनशे पानी वही,
निरोपाच्या शालीत गुंडाळून आणलेला
कॉलेजचा एक थर्मामीटर
(त्याबद्दल आम्ही बोलत नाही).
पहिल्या पानावर, उद्देश:
घरच्या घरी सराफ्यासारखा गराडू तळणे.

मी म्हटलं, अहो, रिक्षा केली की आलाच सराफा.
म्हणाले, प्रश्न अंतराचा नाही.

प्रयोग पहिला. हाताला तेल लावायला विसरले.
भाजीवाली सांगत होती, "बाबूजी, हाथ में तेल मलके छीलजो,"
पण हे तेव्हा वजनकाटा तपासत होते.
कोपरापर्यंत खाज. रात्री चिंच चोळत बसले
आणि निरीक्षणाच्या रकान्यात इमानाने लिहिलं:
खाज, तीव्र, चार तास.

दुसरा आत कच्चा.
तिसरा बाहेर कोळसा.
चौथ्याला आधी उकडून घेतला, तर कढईत त्याचं पिठलं झालं.
"विरघळला," असं लिहिलं, जणू तोही एक क्षारच.
मध्येच एकदा रुसून खोपरा पॅटिस केले,
ते फुटले, सारण तेलभर,
आम्ही दह्यात कालवून चमच्याने खाल्ले
आणि खरं सांगते, लागले बरे.
त्याची नोंद वहीत नाही.

मला ठाऊक होतं.
एकदा तळून बाहेर काढायचा, गार होऊ द्यायचा,
वाटीच्या बुडाने दाबायचा, मग पुन्हा तेलात.
खजुरी बाजारात आमच्या खोलीखालीच ठेला लागायचा,
परकर नेसत होते तेव्हापासून
वरच्या जाळीतून बघत आले आहे.

सांगितलं नाही.
आधी गंमत म्हणून.
मग बघितलं, रोज नऊच्या ठोक्याला
आंघोळ करून, भांग पाडून,
हे कढईसमोर उभे राहतात, हजेरी लावल्यासारखे.
माझ्या एका वाक्याने
ती हजेरी संपली असती.

सातव्याला, पहिला घाणा तेलात असताना फोन आला.
कॉलेजातून. नव्या मुलाला
सिल्व्हर नायट्रेटची बाटली सापडेना.
"खिडकीकडचं कपाट, वरून दुसरा खण, काळा कागद गुंडाळलाय,"
हे सांगायला ह्यांना चाळीस मिनिटं लागली.
आवाज कसा मोठा झाला होता.

तोवर मी गॅस बंद केला.
फोडी ताटात काढल्या.
वर वाटी ठेवली.
थोडी जोरातच.

परत आले, चेहरा उजळलेला,
कुठपर्यंत आलो होतो ते विसरून
गार फोडी पुन्हा गरम तेलात सोडल्या.
कर्र.
जिरावण, लिंबू, पहिलाच घास भाजला जिभेला,
तरी बोलेनात, डोळे मिटून चावत राहिले.
मग वही ओढली. अनुमान:
दोन तळणांमध्ये विश्रांती आवश्यक.

मग ताटाकडे बघितलं.
प्रत्येक फोड चपटी, कडेला गोल वळ.
ओट्यावरची वाटी उचलली, उलटी केली,
बुडाला लागलेलं तेल बोटाने पुसलं.
मी सिंकमध्ये काहीतरी धूत होते, धुतलेलंच.

रात्री हे झोपल्यावर वही उघडली.
अनुमानाखाली, जिथे रोज स्वतःची सही,
तिथे टपोऱ्या अक्षरात:
परिचर, इ. मु. टोकेकर.
कागदावर जिरावणाचा एक डाग.

सकाळी नऊ. आंघोळ, भांग.
"उद्देश," म्हणाले, "मटाराची कचोरी."
मी शेंगा सोलायला घेतल्या.
कचोरी का फुटते,
तेही मला ठाऊक आहे.