रकाना

इन्सब्रुक सोडून वर चढत होतो.
खाली इन नदी, शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी.
दक्षिणेचा कोरडा वारा होता, फ्योन;
तो सुटला की इथली माणसं डोकं धरून बसतात
आणि एकमेकांना माफ करतात.
कॅप्टन होलत्सर म्हणाला, फ्लॅप्स वर.
मी म्हटलं, वर.
आणि समोरच्या काचेत एक पांढरी रेघ.

रेघ सरकत नव्हती.
जे सरकत नाही तेच आपल्याकडे येत असतं,
हे पहिल्याच वर्षी शिकवतात.
रेघेला पंख फुटले.

ग्लायडर. बिनइंजिनाचं, लांबलचक पंखांचं.
पडद्यावर त्याचा ठिपका नाही.
एरवी एवढ्यातेवढ्याला कोकलणारं आमचं यंत्र
मूग गिळून बसलेलं.

होलत्सरचा हात माझ्या आधी हलला.
नाक खाली, अंग डावीकडे,
पोट घशाशी.
मागे कुठलीशी कडी सुटून कप सांडल्याचा आवाज.
तो उजवीकडून, जरा वरून गेला:
निळी टोपी, गुडघ्यावर कागदाची पुडी,
हातात अर्धं सोललेलं सफरचंद.
साल लोंबत होती,
किंवा नंतर मीच ती लोंबवली असेल.

झालं. एवढंच.
रेडिओवर होलत्सर बोलला
इस्त्री केलेल्या आवाजात.
प्रवाशांना म्हणाला, वारा आहे, पट्टे बांधून ठेवा.
खोटं नव्हतं. वारा होताच.

व्हिएन्नाला दाराशी उभी राहून
निरोप देत होते, तर एक मुलगी थांबली.
सहा-सात वर्षांची. हातात चुरगळलेला बोर्डिंग पास.
"ते आजोबा सफरचंदाची साल काढत होते," ती म्हणाली,
"एकसंध."
आई हसली. ढगात काय काय दिसतं यांना.
ढग नव्हता आज, एकही.
मुलगी माझ्याकडे बघत राहिली.
मी तिला म्हटलं, पायरी जपून उतर.

मग फॉर्म.
आडवं अंतर: अंदाजे साठ मीटर.
उभं अंतर: शून्य लिहिलं, खोडलं, वीस लिहिलं.
वेळ: चौदा, नऊ, एकतीस.
वेळेला रकाना होता, काळाला नव्हता.
तो आला होता, निळी टोपी घालून, सफरचंद सोलत;
आणि त्याच्या बाजूने बघितलं तर
आम्हीच आलो होतो,
एकशे बारा माणसं पोटात घेऊन,
शेपटीवर लाल रंग फासून.
कुठे उतरला असेल? हात थरथरत असतील?
उरलेलं सफरचंद खाल्लं असेल का त्याने?

होलत्सरने सही केली, कॉफी आणायला गेला,
बराच वेळ आला नाही.

शेवटून दुसरी ओळ: अन्य साक्षीदार.
"नाहीत" असं लिहायला पेन टेकवलं.
तिचं नाव विचारलं नव्हतं.
पासवरचा आकडा तेवढा डोळ्यांत राहिला होता.
चौदा एफ, असं लिहिलं.
खिडकीची जागा.