कितवीला आहेस?

कवलापूर फाट्यावर कंडक्टर माझ्यापाशी थांबला.
"पास दाखव की रं."
पास नाही.
"मग कॉलेजात कशाला जातोस, फुकट?"
मी छत्तीस वर्षांचा.
बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजात अकरा वर्षं
पेट्यांचा हिशोब ठेवतो.
एक पूर्ण सांगली, म्हटलं.
त्यानं माझ्या हनुवटीकडं पाहिलं, तिकीट फाडलं,
आणि जाता जाता पाठीवर थाप मारली,
धाकट्या भावाला मारतात तशी.

सौद्याला परगावचे व्यापारी येतात,
मूठभर बेदाणे उचलतात, नाकाशी नेतात,
माझ्याकडं न बघता म्हणतात,
"बाळ, मालकाला बोलव जा."
मालक माझ्याहून चार वर्षांनी लहान.
तो मिशीत हसतो. खुलासा करत नाही.
मीही करत नाही.
एक वर्ष सांगायला जावं
तर विहिरीतल्या बादलीबरोबर गाळ यावा
तशी मागची सगळी वर येतात.

आधारवर छत्तीस.
आवाज चार वर्षांचा.
मिशी दोन वर्षांची, तीही डावीकडं जास्त.
दर तीन आठवड्यांनी मिरजेत सुई टोचताना
सिस्टर सुवार्ता विचारतात,
"काय, घोडा कधी होणार?"
त्यांच्या थोरल्यालाही त्या हेच विचारतात.
तो नववीत आहे.

आमच्याकडं बायकासुद्धा म्हणतात, मी येतो. मी जेवलो.
पुण्याची मावशी दर मे महिन्यात हसायची,
पोरीची जात, आणि जातो काय म्हणतेस गं?
आई म्हणायची, आम्ही असंच बोलतो.
त्या 'आम्ही'त मी बावीस वर्षं राहिलो,
भाडं न देता.
बाकीच्या पोरी नुसत्या बोलत होत्या.
मी खरं बोलत होतो,
आणि कुणाला पत्ता लागला नाही.

मागच्या रविवारी गोडाऊनमागच्या पटांगणात
पोरांना एक गडी कमी पडला.
"ए, खेळतोस का? कितवीला आहेस?"
तोंडातून निघून गेलं, बारावीला.

माझी बारावी कन्या प्रशालेत गेली.
दोन वेण्या, लाल रिबिनी,
खिडकीच्या जाळीतून दिसणारं
दुसऱ्यांचं मैदान.
बॉल जाळीवर आदळला की वर्ग दचकायचा,
मी एकटाच स्कोर विचारायला उठायचो
आणि परत खाली बसायचो.

तर मी खेळलो. लाँग ऑनला.
एक सोपा कॅच सोडला.
सतरा वर्षांच्या कॅप्टननं माझ्या आईचा उद्धार केला,
सगळ्यांचा करतो तसाच, हात राखून नाही.
मी मान खाली घालून उभा राहिलो
आणि आतून इतका हसत होतो
की पुढचा बॉलही दिसला नाही.
रात्री गुडघ्यानं खरं वय सांगितलं.
आईनं तेल गरम केलं. कुठं पडलास, विचारलं नाही.
पडलास म्हणाली, एवढंच मी ऐकलं.

बुधवारी दिगंबरच्या दुकानात.
तो वस्तरा लावत नाही, म्हणतो, पिकाला अजून वेळ आहे.
नुसतं पाणी मारतो, कडेनं कातर फिरवतो.
परवा कातर थांबली.
"पिकला की रं एक."
आरशात दिसेना. त्यानं मान वळवली,
दिवा जवळ ओढला.
डाव्या कानाखाली, ज्वारीच्या कुसाएवढा.
उपटू?
नको.
दिगंबर थोडा वेळ तिथंच बघत राहिला.
"तुझ्या दादांचाबी इथनंच सुरू झालता."

दादा सहा वर्षांपूर्वी गेले.
मला शेवटचं 'बाई' म्हणून गेले.
दिगंबरनं त्यांची दाढी तीस वर्षं केली,
शेवटचीही त्यानंच, घरी येऊन.
त्यानं टॉवेल झटकला, पैसे घेतले,
पुढच्याला बसवलं.

गुरुवारी गाडीत कंडक्टर दुसरा होता.
"कॉलेज?"
मी डावा गाल त्याच्याकडं केला.
त्याला काही दिसलं नाही.
एक पूर्ण, म्हटलं,
आणि सुट्टे पैसे मोजून हातावर ठेवले.