दुसरा सीझन

पहिल्या वेळी आले तेव्हा
भिंतीचे पोपडे फार आवडले होते त्यांना.
"हे सेटवर जमत नाही," म्हणाला कॅमेऱ्यामागचा पोरगा
आणि हात फिरवला भिंतीवरून,
आम्ही पहिलीतल्या पोट्ट्याच्या डोक्यावरून फिरवतो तसा.

तांडापेठेतली मनपाची शाळा. पट एकशे अकरा,
हजर त्र्याहत्तर, खिचडीच्या वेळी नव्वद.

मालिका लागली, ती निखाडे बाईंच्या मोबाइलवर पाहिली,
नेटपॅक त्यांचाच होता.
किल्ली कुलपातच तुटते, हे खरं.
मस्टरचा पेन दोऱ्यानं बांधलेला, हेही.
मतदारयादीच्या ड्यूटीवरून आलेले सर
हजेरी घेताना विचारतात, "घरात एकूण मतदार किती?"
हे गजभिये सरांचं. ते हसले नाहीत.
दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच करून दाखवलं,
त्या नटापेक्षा बरं.

माझ्या जागी एक बारीक, गोरी बाई होती.
डबा तेवढा माझा, वाकड्या झाकणाचा.
मागून नेला होता.

यंदा सव्वीस जूनला शाळा उघडली
आणि फाटकात त्यांची गाडी.
दिग्दर्शकानं चष्मा कपाळावर नेला :
"हे काय करून ठेवलं?"

भिंत.
जाताना ते सहा हजार देऊन गेले होते,
त्यात आमची वर्गणी. पुट्टी, मग फिका हिरवा.
पाचवीतल्या परातेचा बाप पेंटर;
मे महिन्यात, डोक्याला ओला दुपट्टा बांधून,
मजुरी न घेता. खाली पाढेही लिहिले त्यानं.
साताच्या पाढ्यात आठाला चोपन्न आहे.
राहू दिलं आम्ही.
महिन्यातून एखादं पोट्टं ते हुडकून काढतं
आणि दिवसभर गुरुजी होऊन फिरतं.

"थोडं खरवडू," कलावाला म्हणाला,
"पाण्याचे ओघळ मारू. शूट झालं की परत रंग."
पैसे बरे होते. बाकं आली असती.
निखाडे बाई पंख्याकडे पाहत राहिल्या.
देवचंद चहा घेऊन दारातच.
मग गजभिये सर, अगदी सावकाश :
"काहून जी, हसाले पोपडेच लागते का?"

चहा पिऊन गेले ते.
पलीकडच्या पेठेत मिळाली त्यांना हवी तशी शाळा.

दुसरा सीझनही पाहिला, त्याच मोबाइलवर.
गजभिये सरांचं वाक्य होतं त्यात,
'काहून' जरा चुकलं होतं.
आणि ती बारीक बाई डबा उघडते तर
झाकण सरळ.
नवा दिला होता तिला.
उगाच वाईट वाटलं मला.